दीड इंची मुंजाबा

वाळूजला आमच्या कंपनीची नवी शेड उभी राहिली. उद्घाटनाला मुंबईहून मोठे साहेब येणार म्हटल्यावर पर्सोनेलच्या व्यंकटरावांनी कारखान्याचं मॉडेल करायचं काढलं. मशिनं थर्माकोलची, माणसं प्लास्टरची, दीड इंच उंचीची. ड्रॉइंग ऑफिसात रंगाच्या डब्या बाळगणारा मी एकटाच, म्हणून माणसं माझ्या टेबलावर आली.

"केशवराव, प्रत्येकाला स्वतःला ओळखता आलं पाहिजे," व्यंकटराव म्हणाले. "कंपनी म्हणजे कुटुंब."

कुटुंबाच्या गेटवर त्यांनी नुकताच दुसरा वॉचमन बसवला होता.

ओळखू यायचं तर चेहरे बघायला हवेत. शिफ्ट सुटताना मी गेटवर उभा राहू लागलो. माणसाच्या कातडीचा रंग तयार डबीत मिळत नाही. बर्न्ट सिएनात यलो ऑकर, वर चिमूटभर पांढरा. कानाच्या पाळीला लाली, डोळ्यांखाली जांभळट झाक. मिसळलेला रंग मी डाव्या मनगटावर लावायचो आणि समोरून जाणाऱ्याच्या मानेशी ताडून बघायचो.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे. विडी मागणारासुद्धा आधी आडनाव विचारायचा. अशा दिवसांत गेटवर उभं राहून लोकांच्या माना न्याहाळणारा आणि हातावर खुणा करणारा माझ्यासारखा पाठक कोण असणार? कामगारांच्या मते सीआयडी. व्यंकटरावांच्या मते युनियनचा हेर. साध्या वेशातला एक खरा सीआयडीवालाही समोरच्या चहाच्या टपरीवर असायचा. तोही माझ्याकडे टक लावून बघायचा.

प्रेसवर काम करणारा मुंजाबा वैजापूरकडचा, मेंढपाळाचा मुलगा. बाप वारला म्हणून महिनाभर रजेवर होता, तो चकचकीत गोटा करून परतला. ताजं तासलेलं डोकं रंगवायला मिळणं हे भाग्यच. वर्षानुवर्षं केसांखाली राहिलेली कातडी फिकट, किंचित हिरवट असते आणि कपाळ जिथं संपतं तिथं रापलेल्या रंगाची कड दिसते. मी ती मन लावून काढली.

व्यंकटराव भिंग घेऊन आले. मुंजाबापाशी थांबले.

"डोकं असं फटफटीत का?"

"आहेच तसं, साहेब."

"बाप जाऊन महिना होतोय. दहाव्याला डोकं केलं असेल तर आतापर्यंत खुंट यायला हवेत, रापायला हवं. हे कालपरवाचं काम आहे." भिंग खाली आलं. "हर्सूल जेलमधून नामांतराचे सत्याग्रही परवाच सुटले ना? उद्या त्याला बोलावतो. हा रंग खरा आहे, एवढं तुम्ही त्याच्या तोंडावर सांगायचं. मग घरी जाऊन खुशाल केस वाढव म्हणावं."

मी कँटीनमध्ये मुंजाबाला गाठून सगळं सांगितलं.

"सीआयडीवाले सोताच सांगाया येतेत व्हय आता?" तो म्हणाला.

"तुझे वडील...?"

"बा? मेंढरं घेऊन नदीकडं गेलाय. रजेसाठी काय सांगू म्हनून त्यालाच इचारलं व्हतं. म्हनला, सांग बा मेला म्हनून, मला कुठं तुझ्या सायबाम्होरं हजेरी लावायचीय! जेलातून सुटलो ते थेट गुलमंडीला न्हाव्याकडं गेलो." त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "रंग बदला की. तुम्हाला काय, दोन बोटाचं काम."

पण व्यंकटरावांनी रंग पाहून ठेवला होता. बदलला तर मी फितूर, ठेवला तर मुंजाबा घरी. मी तो तसाच ठेवला आणि उरलेली शेवटची बाहुली हातात घेतली. खुद्द व्यंकटराव.

केसांना मी नुसता काळा कधीच लावत नाही. तपकिरीत थोडा निळा, वर उजेडाची बारीक रेघ. निव्वळ काळा फक्त कलपाचा असतो. कंपनीला तरुण रक्त हवंय असं मोठे साहेब एका भाषणात म्हणाले होते. त्या आठवड्यापासून व्यंकटरावांचे केस काळेभोर होते. मी शून्य नंबरच्या ब्रशनं काळा लावला आणि भांगात, मुळांशी, पांढऱ्याची रेघ ओढली. तीही मन लावून.

दुसऱ्या दिवशी मुंजाबा मॉडेलसमोर उभा केला गेला.

"बोला केशवराव. ह्या डोक्याचा रंग खरा की चूक?"

"शेजारचंही बघून घ्या, साहेब. दोन्ही एकाच ब्रशनं केलीत. खरी असतील तर दोन्ही खरी."

त्यांनी भिंग सरकवलं. बराच वेळ ते वाकलेलेच होते.

"मोठे साहेब इतक्या जवळून बघतील?"

"पोस्टाची तिकिटं जमवतात ते. भिंग त्यांच्या खिशातच असतं."

व्यंकटराव सरळ झाले. भांगावरून हात फिरवता फिरवता थांबले.

"दोन्ही डोकी चुकलीत. दुरुस्त करा." मग मुंजाबाकडे न बघता म्हणाले, "वडिलांचं ऐकून वाईट वाटलं रे."

"व्हय सायेब. त्यांनाबी लई वाटलं."

हे व्यंकटरावांच्या कानात शिरेपर्यंत आम्ही दाराबाहेर होतो.

"उपकार झाले," मुंजाबा हळूच म्हणाला. "पन खरं सांगा, तुम्ही नेमके कोनाचे?"

गेटपलीकडून टपरीवरचा सीआयडीवाला आमच्याकडे बघत होता. मी नकळत मनगटावरचे रंग पुसू लागलो. ते मुंजाबानं पाहिलं, समजल्यासारखी मान डोलावली, आणि माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून चालू लागला.