ज्योतीरामच्या हवालीचा दगड

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे. निदान मला तसे वाटते, कारण हल्ली माझे मलाच नीट कळत नाही.

वडारांनी मला काळ्या खडकातून फोडून काढले, छिन्नीने डोके गोल केले. मग देहूरोडच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला मला पुरण्यात आले. मुंबई किती मैल, एवढे सांगणे हे माझे काम. ते मी इमानाने केले. एके दिवशी सरकारी माणसांनी जुना आकडा खरवडून नवा, मोठा आकडा घातला. मैल जाऊन किलोमीटर आले होते, पण दगडाला कोण सांगणार? मी जागचा हललो नव्हतो आणि मुंबई एका दुपारीत लांब गेली होती! माझा गोंधळ तेव्हापासूनचा.

पुढे ज्योतीराम आला. तो मैलकुली होता. म्हणजे रस्त्याचा ठरावीक तुकडा त्याच्या हवाली. खड्डे बुजवायचे, गवत काढायचे आणि दिवाळीआधी आम्हा दगडांना चुना द्यायचा. आकडा तो जीभ दाताखाली धरून गिरवी. रस्ता रुंद झाला तेव्हा यंत्राने मला उपटून ढिगाऱ्यात टाकले. साहेबांना विचारून ज्योतीरामने मला चिंचवडच्या घरी आणले आणि परसात उभे केले. तिथून मुंबई काही तेवढी जवळ नव्हती. खोटे सांगत उभे राहायचे आणि वर दर दिवाळीला चुना लावून घ्यायचा, हे मला कधी समजले नाही.

यंदा चुना आलाच नाही. आकाशकंदील नाही, फराळाचा वास नाही. ज्योतीराम गेले, असे लोक म्हणत. किती लांब, ते कुणी सांगेना. ज्या घरातले माणूस जाते तिथे वर्षभर सण करत नाहीत, हे मला उशिरा उमगले.

त्याची मुलगी स्वरूपा मारुंजीला राहते. रविवारी ती येई आणि मागच्या पायरीवर बसून फोनमध्ये रस्ता शोधी. वडगाव, कामशेत, लोणावळा, घाट उतरून खोपोली, अशा जुन्या रस्त्याने मुंबईला जायचे, हा बापलेकीचा बेत होता. आता तिला तो आईबरोबर पुरा करायचा होता. जाताना मला माझ्या जागी परत लावायचे, असे ज्योतीरामने तिला सांगून ठेवले होते.

"हा फोन सारखा एक्सप्रेसवेवरच नेतोय," ती म्हणाली.

"त्याला सांग, आमचा माणूस त्या रस्त्याला कामाला न्हवता," तिची आई इंदुताई म्हणाली. "आन् तू जा खुशाल. मी येत न्हाई. दगड बी जायचा न्हाई."

"आई, बाबांनी सांगितलंय."

"त्यांनी लई सांगितलं. जाताना मला इचारलं का?"

स्वरूपा पुन्हा फोनमध्ये रस्ता शोधू लागली.

संध्याकाळी इंदुताई माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राही. "आवं, नळाला आज पाणीच न्हाई," असे मला सांगे. मी ज्योतीराम झालो की काय, अशी शंका मला येऊ लागली.

हे शेजारच्या सोजरबाईने कुंपणावरून पाहिले. इंदू रोज हात ठेवते, पुटपुटते, म्हणजे दगड जागृत असणार! एका मंगळवारी तिने मला शेंदूर फासला, पुढे नारळ फोडला. मी अधिकच गोंधळलो.

इंदुताई बाजारातून आली आणि पिशवी तिथेच टाकून ओरडली, "सोजरे, ह्यो देव न्हाई! रस्त्याचा दगड हाय ह्यो!"

बोलली आणि थबकली. मग नारळाची शेंडी घेऊन मला घासत बसली. शेंदूर लवकर निघत नाही. शेवटी तिने स्वरूपाला फोन केला. "एहसानला टेम्पो घिऊन बोलीव. म्या बी येती."

एहसान शेजारचाच. तो चाकणच्या बाजारात कांदा वाहतो. त्याने पहारीने मला उचकटले आणि कांद्याच्या टरफलांवर निजवले. मागून स्वरूपा आईला घेऊन आपल्या गाडीने आली. देहूरोडच्या पुढे, पदपथाच्या कडेला, माझ्या जुन्या जागेजवळ त्याने खड्डा खणला.

"काकू, कुणी हटकलं तर?"

"सांग, सरकारचा दगड सरकारला परत दिला."

इंदुताईने गाडीतून चुन्याचा डबा काढला.

"आई, यंदा सण नाही ना?"

"सण कुठं करतीय? ह्ये काम हाय."

स्वरूपाने आकडा गिरवला. तिचीही जीभ दाताखाली गेली होती. इंदुताईने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "मग उभी काय ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "गाडी काढ."

एहसानचा टेम्पो माघारी वळला, मायलेकींची गाडी मुंबईच्या दिशेने गेली. इंदुताईने मागे वळून पाहिले नाही. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मित्रांनो, माझ्या अंगावर जाहिराती चिकटवू नका. गवत वाढले तर जरा बाजूला सारा. त्या दोघी परत याच रस्त्याने येणार आहेत, आणि तेव्हा मी दिसायला हवा.