तारखेचा रकाना

डॉक्टर मृदुला शाळेत जात होत्या तेव्हापासून अहल्या मोहिते त्यांच्या आईंच्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. आता आई नव्हत्या. सुभानपुऱ्यातल्या त्या चार खाटांच्या दवाखान्याचं तीन मजली हॉस्पिटल झालं होतं. त्यातच दोन हजार सहा साली पत्र आलं: राज्याराज्यांच्या याद्या मोडून देशातल्या सगळ्या नर्सेसची एकच नोंदवही होणार. जिच्याकडे नवा नंबर नसेल, तिनं रुग्णाला हात लावायचा नाही.

अहल्याबाई निर्धास्त होत्या. चौऱ्याहत्तर साली मिळालेल्या त्यांच्या प्रमाणपत्रावर स्वच्छ लिहिलं होतं, 'नोंदणी आजीवन'. आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

"बेन, नोंधणी क्यारे पूरी थाय छे? तारीख बोलो," नर्सेसच्या नोंदणी कचेरीतल्या कारकुनानं गुजरातीत विचारलं.

ती संपतच नाही, मरेपर्यंत आहे, असं अहल्याबाईंनी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तारखेचा रकाना रिकामा सोडून त्यानं तीनदा बटण दाबलं आणि तिन्ही वेळा लाल अक्षरं उमटली.

"आ खानुं खाली नहीं चाले, बेन."

"मग काय माझ्या मरणाची तारीख घालताय?" अहल्याबाईंच्या तोंडून मराठीत निघून गेलं. कारकुनाला ते कळलं असावं. तो ओशाळून म्हणाला, "अरजी आपो. उपर मोकलीश."

त्यांनी वर पाठवायला अर्ज दिला. महिन्यानं दुसरा दिला, मग तिसरा. दर खेपेला एकच उत्तर, तपास चालू छे. ज्या मुली गेल्या वर्षी पास झाल्या, त्यांच्या नोंदणीला मुदतीची तारीख होती; त्यांचे नंबर आठवड्यात आले.

"तुम्हाला काढणार नाही, सिस्टर," डॉक्टर मृदुला म्हणाल्या, "पण तपासणीवाले कधीही येतील. तोवर खाली रुग्णांच्या नावनोंदणीला बसा." अहल्याबाई बसल्या. येणाऱ्या बायका पोटावर हात ठेवून त्यांनाच विचारायच्या, आणि त्या सांगायच्या, "वर जा, वर सांगतील."

चौथ्या महिन्यातल्या एका दुपारी वरून हाक आली नाही, किंकाळी आली. डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हरणीहून निघाल्या होत्या, वाटेत अडकल्या होत्या. अहल्याबाई जिना चढून प्रसूतीच्या खोलीच्या दारात थांबल्या. आत अवनी, वर्षभरापूर्वी पास झालेली नर्स, पांढरीफटक पडली होती; शेजारी दोन आया होत्या. बाळाचं डोकं बाहेर आलं होतं, खांदा अडला होता.

"ओढू नकोस!" अहल्याबाई दारातूनच ओरडल्या. "तिचे गुडघे पोटाशी घ्या दोघींनी. अवनी, ओटीपोटावरून दाब. तिथं नाही गं, खाली!"

अवनीचा हात पुन्हा चुकीच्याच जागी पडला. अहल्याबाईंनी एका श्वासापुरती वाट पाहिली, मग हातमोजे चढवले आणि आत शिरल्या. बाळ निळं निघालं, पण पाठ चोळल्यावर रडलं.

मागाहून आलेल्या डॉक्टर मृदुलांनी केसपेपर वाचला. सही अवनीची होती.

"सिस्टर, तुम्ही आत होतात हे कुठे लिहायचं नाही. माझं हॉस्पिटल बंद होईल."

"आणि मी दारात उभी राहिले असते तर?"

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. मग हळूच म्हणाल्या, "आईंनी तुम्हाला कधी बाहेर बसवलं नसतं. मला ते कळतं."

घरी अहल्याबाईंनी हे सांगितलं तेव्हा धनाजीराव, त्यांचे यजमान, भडकले. वाघोडियाच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. "टाक ना एखादी तारीख! कोण बघतंय?"

"अहो, मी बघतेय ना."

पण दुसऱ्याच दिवशी त्या कचेरीत गेल्या. आज बाळ वाचलं, उद्या दारात उभं राहून वाचेलच असं नाही, हे त्यांना रात्रभर छळत होतं. कारकुनानं तोड सांगितली: जुनी नोंदणी स्वखुशीनं सोडते असं लिहून द्या, नवी पाच वर्षांची घ्या. 'स्वखुशीनं' हा शब्द लिहिताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं. कारकुनानं चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

नंबर बारा दिवसांत आला. सोबतच्या छापील कागदावर अनुभवापुढे लिहिलं होतं, शून्य वर्षे.

"सिस्टर, म्हणजे मी तुमच्यापेक्षा सीनियर!" अवनी हसत म्हणाली.

"हसू नकोस," अहल्याबाई म्हणाल्या. "माझ्या वेळच्या अजून कितीजणी अशा खाली बसल्या असतील." त्यांनी त्याच दिवशी चौथा अर्ज लिहिला, स्वतःसाठी नव्हे, त्या सगळ्यांसाठी: आजीवन नोंदणीला तारखेचा रकाना रिकामा चालवून घ्या. डॉक्टर मृदुलांनीही त्याखाली सही केली. वर्ष उलटलं तरी त्याचं उत्तर आलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अहल्याबाई कचेरीत फोन लावून विचारत राहिल्या.