प्लासिदला पाडणारी खुर्ची

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! माझं काय जातं? मी एक जुनी आरामखुर्ची आहे, आणि या अख्ख्या किनाऱ्यावर माणसाला उठवणारी खुर्ची मी एकटीच. बसवणाऱ्या पुष्कळ आहेत. उठवणारी मी.

मित्रांनो, पायरीवर नीट बसा. ती वेफर्सची पिशवी आधी बाजूला ठेवा, नाहीतर मी तोंड उघडणार नाही. तिची कुरकुर ऐकली की माझं डोकं फिरतं. काय म्हणालात, खुर्चीला डोकं नसतं? मग या पाठीवर इतकी वर्षं लोक काय टेकत आले? थोडं थोडं माझ्यात उतरणारच ना!

माझं लाकूड फणसाचं. याच परसात तो उभा होता. इतका उंच, की त्याच्या शेंड्यावरून विजयदुर्गाच्या तटावर कोणाची शेळी चरते ते ओळखता यायचं. एका वादळात तो पडला. पडताना तीन वाड्यांवर अशी सावली आली की भरदुपारी कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात शिरल्या. भिकाजी सुताराने त्याच्या फळ्या काढल्या आणि मला घडवलं. हे लांब हात, ही कलती पाठ आणि मधे वेताची विणलेली बैठक. मला बनवून घेतलं ते प्लासिद फर्नांडिसच्या वडिलांनी.

वडील रापणीचे. मालवणच्या पोरांना रापण सांगायला नको, पण तुमच्यात कसालचे पाहुणेही दिसतायत, म्हणून सांगते. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते आणि किनाऱ्यावरची माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढून ते वाळूवर आणतात. ज्या घरचा हात दोराला, त्या घरी माशांचा वाटा. प्लासिदचे वडील दोर ओढून यायचे, माझ्यात टेकायचे, आणि समोरची पेज पिण्याजोगी निवली की उठायचे. तेवढीच बैठक. पण त्या तेवढ्या वेळात ते असे सुस्कारा सोडायचे, की मला वाटायचं, जगात आपल्यासारखी खुर्ची नाही. सणाला पाद्री आले तरी त्यांची नजर माझ्यावर. काय मान होता माझा!

आणि मग आला हा प्लासिद. तोही दोरावरचाच गडी, खोटं कशाला बोलू. पण त्याचा मुलगा लिओन जहाजावर नोकरीला लागला, त्याने व्हरांड्यात टीव्ही लावून दिला आणि फोनवर म्हणाला, "पप्पा, आता बसून खा."

बसून खा! म्हणायला त्याचं काय जातं? तो स्वतः दिवसभर जहाजाच्या शिड्या चढतो आणि उतरतो. इथे प्लासिद खरंच बसला, आणि खरंच खाऊ लागला. सकाळी साखरेच्या पाकासारखा चहा आणि खारी. पेज बंद, कारण म्हणे आता ती शोभत नाही. दुपारी थंडगार सोडा, संध्याकाळी तळलेलं, मधल्या वेळी पाकिटातलं. विडी ओढायची आणि थोटूक माझ्या हातावर विझवायचं. हे काळे डाग बघा! कोणाला सांगू? टीव्ही बघता बघता झोपायचाही माझ्यातच, मान वाकडी करून. ईडाने आत अंथरलेला बिछाना तसाच थंड. ईडा म्हणजे त्याची बायको. तिच्याबद्दल जपून बोललेलं बरं, ती आत मासे साफ करते आहे.

मग सूज आली. पाय मुरगळल्यावर येते आणि उतरते, तसली नव्हे. ही आली आणि राहिली. सकाळी बोटं अशी आखडायची की सदऱ्याची बटणं ईडाने लावायची. गुडघे शहाळ्यासारखे. लग्नाची अंगठी साबण लावूनही निघेना.

ईडाने त्याला एसटीत घालून कसालच्या डॉक्टरकडे नेलं. घरी परतल्यावर डॉक्टरचं बोलणं तिने इथेच, माझ्यासमोर, शेजारणीला सांगितलं. डॉक्टर म्हणाला होता, "नारळाची सोडणं पेटवली की कशी धुमसत राहतात? ज्वाळ दिसत नाही, पण आत निखारा असतो. तसं तुमच्या अंगात चाललंय. गोळ्या देतो, पण रोज वरून तुम्हीच सोडणं टाकलीत तर गोळ्या काय करणार? साखर, तळण, विडी कमी करा. वेळेवर झोपा. सूज उतरेपर्यंत जड ओढू नका, पण रोज चाला."

यातलं प्लासिदने किती ऐकलं? जड ओढू नका, एवढंच! बाकीचं एसटीच्या खिडकीतून बाहेर.

तर सूज घालवायला हा आणखी बसला. माझ्यात! औषध म्हणून मी! संताप येणार नाही तर काय?

रापणीवाले भले. त्यांनी आजाऱ्याचा वाटा म्हणून मासे घरी पाठवले. प्लासिदला तो मान वाटला. शेजाऱ्यांना टोपली दाखवायचा, "बघ, बसल्याजागी येता!" ईडा ते मासे असे खसाखसा खवलायची की खवले माझ्या पाठीपर्यंत उडायचे.

पावसाळा लागला, होड्या वर ओढल्या, आणि एका सकाळी रापणीचा मुख्य बाबली दारात आला. छत्री मिटली नाही तोच म्हणाला, "काय रे प्लासिद, खुर्चीक मुळां फुटली की तुका?"

"गुडघे सुजलेत मरे. डॉक्टरान आराम सांगल्यान."

"आराम?" ईडा आतून कडाडली. "चल म्हणान सांगल्यान! तां ह्याच्या कानात शिराकच नाय!"

बाबली माझ्या हातावर टेकला नाही. उभाच राहिला, तेव्हाच मी ओळखलं, हा गप्पांना आलेला नाही. "आयक. आजाऱ्याचो वाटो औंदा दिलो. नारळी पुनवेनंतर पयली रापण लागतली, त्या दिवशी तुझो हात दोराक लागाक होयो. नायतर जागा दुसऱ्या घराक जातली. माझ्या एकट्याचां नाय, सगळ्यांचां म्हणणां."

"माझ्या आज्याची जागा ती, बाबली!"

"मगे आज्याक धाड."

बाबली गेला. प्लासिदने मुठीने गुडघ्यावर मारलं, एकदा, मग पुन्हा. डोळे पुसले. आणि काय केलं असेल? टीव्हीचा आवाज वाढवला!

तेव्हा, मित्रांनो, माझ्या सहनशक्तीचा अंत झाला. मी श्वास रोखला, चारही पाय जमिनीत रोवले, आणि अंगातला सगळा वेत एका झटक्यात तोडला. काड! काड! काड! प्लासिद मधून सरळ खाली. धप! तिकडे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या हलल्या म्हणतात.

आता बसणार कशात? घरातली दुसरी खुर्ची लाकडी, ताठ पाठीची, तिच्यात माणूस जेवण्यापुरताच टिकतो. मला दुरुस्त करायला हवं म्हणून तो निघाला भिकाजीच्या नातवाकडे. जितेंद्र सुतार, वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक दगडी गडग्यावर टेकत, मला शिव्या देत गेला. जितेंद्र म्हणाला, "काका, वेत येवचो आसा. उद्या येवा." दुसऱ्या दिवशी गेला. "उद्या येवा." सुताराचा उद्या तुम्हाला माहीतच आहे! पण माझी आठवण अशी जबरदस्त, की प्लासिद छत्री घेऊन रोज जात राहिला. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी चर्चच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा, चरफडत.

टीव्हीसमोर पसरायला जागाच नाही, म्हणून वेळेवर बिछान्यात झोपू लागला. सकाळी चालून आला की भूक खरी लागायची. ईडाने संधी साधली. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, परसातल्या टाकळ्याची भाजी. सोड्याच्या जागी साखर न घातलेली सोलकढी. विडी सुटता सुटेना, मधे दोनदा परत आली, ईडाने दोनदा भांडून घालवली. आणि गोळ्या चालूच होत्या हं! त्या डॉक्टरने तपासून कमी केल्या, याने आपल्या मनाने नव्हे. नाहीतर तुम्ही घरी जाऊन आजीच्या गोळ्या फेकून द्याल आणि नाव माझं सांगाल.

सदऱ्याची बटणं तो स्वतः लावू लागला. मग एकदा आंघोळीनंतर अंगठी बोटात फिरली. ईडा तिकडे बघत राहिली.

पहिल्या रापणीच्या दिवशी तो किनाऱ्यावर उभा होता. व्हरांड्यातून मला सगळं दिसतं. बाबलीने त्याच्याकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दोराच्या शेपटाक उभो रव. ताण घेव नुको, नुसतो दोर धर." प्लासिदने दोर धरला. जाळं वाळूला लागेपर्यंत हात सुटला नाही. त्या दिवशी बांगडे घरी कोणी पाठवले नाहीत. त्याने आणले.

आणि माझं काय? जितेंद्रचा वेत आला, पण प्लासिद म्हणतो, घाई नाही. माझ्या या हातांवर ओला दोर वाळत घालतात! एवढ्या उंच फणसाची मी, आणि माझी कपडे वाळवायची दोरी झाली! कृतघ्न!

तरीही सांगते, मित्रांनो. दमून या आणि मग आमच्यात बसा, आम्ही तुम्हाला पोटाशी धरू. न दमताच बसाल, तर आत काय धुमसतंय ते तुम्हाला कळणारही नाही. आणि त्या वेळी तुमची खुर्ची माझ्याइतकी शूर असेलच असं नाही. माझ्यासारखा स्वतःचा वेत तोडून धन्याला वाचवणारी...

"थांब गो थांब!" हातात अर्धा साफ केलेला बांगडा घेऊन ईडा दारात उभी. "वेत तू तोडलंस? माझो घोव न्हाणयेत होतो तेव्हा कोयतीन मी कापलंय तो! जितेंद्राक 'उद्या' म्हण म्हणान मी सांगलंय! आणि बाबली गेल्यार टीव्ही खंयचो मोठो केल्यान? हो बिचारो त्याच्या पाठसून जावक उठी होतो, तर तुझो खिळो ह्याच्या चड्डीत घुसलो. मी वडतंय, हो वडता, आणि तू सोडशीत तर शपथ! शेवटाक चड्डी फाटली, तेव्हा हो सुटलो!"