चुनरीचे सात वेढे

पासष्टच्या लढाईचे दिवस. जबलपूरजवळच्या पनागर गावच्या चौकात विष्णूदादाच्या टॅक्सीभोवती अर्धं गाव जमलं होतं. टॅक्सी काळा धूर ओकत होती आणि अंजनीबाबा बोनेटवर लिंबू फिरवत होते. "देखो, बला निकल रही है. भैया, और रेस दो." दादाने पाय दाबला. धूर दाट झाला, लोकांनी हात जोडले.

मी रत्नाकर, दादाचा धाकटा भाऊ, जबलपूरच्या कारखान्यात फौजी ट्रक जुळवणारा फिटर. तीन आठवड्यांनी सुटी मिळाली म्हणून आलो होतो. अनसूयावहिनींना नववा लागला होता. पहिलं मूल अडून गेलेलं. या वेळी कळा सुरू होताच जबलपूर गाठा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गावात गाडी ही एकच.

मी बोनेट उघडलं. हवेच्या फिल्टरच्या तोंडावर नर्मदामैयाची लाल चुनरी, घट्ट सात वेढे.

"हे काहून बांधलं?"

"बॉम्बपासून राखते म्हणून ग्वारीघाटावरून आणली. धूर याले लागला, तर बाबांनी रोज एक वेढा वाढवाले सांगितला. आज सातवा."

"दादा, तू इंजिनाचं नाक दाबून राहिला. हवा कमी, पेट्रोल जास्त. ते अर्धवट जळते, त्याची ही काजळी."

चुनरी सोडली, काळेठिक्कर प्लग घासले. इंजिन सुरू केलं; धूर नाही. चुनरी पुन्हा फिल्टरच्या तोंडावर धरली, धूर. काढली, साफ.

बाबा पूर्वी ट्रकवर क्लीनर होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं, असं मला कोणी सांगू नये. त्यांनी डोळे मिटले. "सातवां फेरा पूरा हुआ. बला गई." झालं, लोक त्यांच्याच पायांवर पडले.

वहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, ते चुनरी तुम्ही सोबतच घेऊन जा." मैयाची वस्तू म्हणून मी ती देव्हाऱ्यात ठेवली आणि ड्यूटीवर गेलो. तेवढी चूक माझी.

गुरुवारी कळा लागल्या. निघताना दादाने चुनरी पुन्हा बांधली, आठ वेढे घालून. टॅक्सी वाटेतल्या रिछाईपर्यंत धूर ओकत गेली आणि बंद पडली. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली. बैलगाडीतून दवाखाना गाठेपर्यंत मायलेकरू दोन्ही गेली होती.

दहाव्याला बाबा आले. बला गाडीतून निघून बाईत शिरली, म्हणाले. दादाने त्यांचे पाय धरले. मी पुन्हा हवा-पेट्रोल समजावलं. कोणी ऐकलं नाही.

म्हणून लिहितो. मैयाला हात जोडा, माझी ना नाही. पण गाडी बिघडली तर फिटरला बोलवा. कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, की यांनी काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? दादाने हे अजून विचारलेलं नाही. आता मीही त्याला विचारायला सांगत नाही. उत्तर त्याला सोसणार नाही.