मी ती सुपारी नव्हे

मी सुपारी बोलतेय. दचकू नका, पेपरात जिच्या बातम्या येतात ती मी नव्हे. मी झाडावर पिकलेली, उन्हात वाळलेली, चिमटीत मावणारी साधी सुपारी आहे. माझ्या नावावर माणसांनी नको ते धंदे चालवले, त्यात माझा काय दोष? पण त्या नावापायी एका पोरीचा घात होतोय आणि मला तो बघवत नाही, म्हणून तोंड उघडलंय.

माझा जन्म कर्नाटकातला, सिरसीकडच्या एका बागेतला. तिथून सांगलीच्या पेठेत आले, हळदीच्या पोत्यांशेजारी चार दिवस पिवळी होऊन पडले आणि शेवटी कोरेगावच्या एका किराणा दुकानाच्या बरणीत येऊन बसले. बरणीतल्या आम्हा बहिणींची नशिबं वेगवेगळी. काहींना अडकित्त्याने कातरून माणसं चघळतात आणि थुंकतात, तर काहींना तांदळावर बसवून गणपती म्हणून पाया पडतात. माझ्या वाट्याला काय येतंय याची मला फार उत्सुकता होती.

एका सकाळी लालासाहेब नावाचे ऊसवाले बागायतदार दुकानात आले. "लगीन ठरवायचं हाय. किडकी नगं, टणक बगून दे," असं म्हणाले. दुकानदाराने मलाच उचललं. खोटं कशाला सांगू, मी फुगले. आमच्या या सातारा-सांगली भागात लग्न ठरलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, मधे एक सुपारी ठेवतात आणि बत्त्याने फोडतात. सुपारी फुटली म्हणजे पोरगी दिली. नंतर शब्द फिरवायची कुणाची छाती होत नाही.

लालासाहेबांनी मला देव्हाऱ्यात, अक्षतांच्या वाटीत ठेवलं. देव्हारा माजघरात, एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या बैठकीचा सोपा. त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर पडायचं. मला वाटलं होतं, या घरात आता गोडधोड, थट्टामस्करी चालू असेल. पण घरात सगळे दबकून चालत होते.

लालासाहेबांची एकुलती मुलगी शिवांजली. कराडच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली. तिथेच तिच्या वर्गात सांगलीकडचा भरतेश होता, शेतकऱ्याचाच मुलगा, पण जैनांचा. आता तो शिरवळच्या एका कंपनीत नोकरीला. दोघांचा एकत्र फोटो कुणीतरी लालासाहेबांना पाठवला, आणि त्या दिवसापासून शिवांजलीचा फोन कपाटात आणि शिवांजली घरात.

"आपल्यात जत्रंला बोकाड पडतंय आणि त्यांच्यात कांदासुदिक चालत न्हाई. कुठं जुळायचं?" असं लालासाहेब बायकोला म्हणाले होते. मालनबाई नुसत्या हूं म्हणाल्या. कांद्याचा प्रश्न असता तर पोरीने तो एका दिवसात सोडला असता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग कराडकडचं एक स्थळ गुपचूप पक्कं झालं. आणि इथेच मला पहिल्यांदा धास्ती वाटली, कारण ज्या मुलीसाठी मला आणलं होतं, तिलाच कुणी काही सांगितलं नव्हतं. पाव्हणे दारात आले की तिला नवी साडी द्यायची आणि बाहेर आणायची, एवढं ठरलं होतं.

त्या दुपारी लालासाहेब सोप्यात बसून भावकीतल्या नानासोंशी फोनवर बोलत होते. फोनवर ते बांधावरून हाक मारल्यासारखे बोलतात. "नानासो, सुपारीचं ठरलं बगा. पार्टी कराडची हाय, लय तगडी. रविवारी सकाळी येत्यात. एकदा काम उरकलं की त्या सांगलीच्या पोराचं नाव पुन्यांदा निघायचं न्हाई."

स्वयंपाकघरात शिवांजली लसूण सोलत होती. तिच्या हातातली सुरी खाली पडली.

तुम्ही म्हणाल, शिकलेली मुलगी, इतकं कसं कळलं नाही? पण मागच्या वर्षी जवळच्याच एका गावातला पोरगा कॅनॉलमध्ये सापडला होता. त्याचंही असंच परजातीत जुळलं होतं, सुपारी देऊन मारला म्हणतात. तेव्हापासून घरोघरी पोरींना ती गोष्ट ऐकवतात, आवाज न चढवता, जेवताना, सहज. ती गोष्ट वर्षभर ऐकत आलेली पोर 'सुपारी' या शब्दाचा दुसरा कुठला अर्थ घेणार?

ती देव्हाऱ्यासमोर येऊन बसली. तिने हात जोडले. "देवा, त्याला मारू देऊ नको," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिच्या नजरेसमोर, अक्षतांत बसलेली. अगं वेडे, ते माझ्याबद्दल बोलत होते, मला ओरडून सांगायचं होतं. पण देवासमोरच्या सुपारीला कोण विचारतं?

मग तिने आईचा फोन घेतला आणि तिथेच बसून भरतेशला लावला. मालनबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनचा आवाज मोठा, मला त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"बरं झालं केलास," तो म्हणाला. "आई रविवारी तुमच्याकडं येते म्हणतीय. रीतसर विचारते म्हणाली."

"नको. कुणी येऊ नका. तू शिरवळमधनं हलू नको. एकटा कुठं जाऊ नको."

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. माझं मन बदललंय. परत फोन करू नको मला."

तिने फोन ठेवला आणि ओढणी पिळत बसली. रडली नाही. मला तिच्या रडण्यापेक्षा त्या न रडण्याची भीती वाटली.

संध्याकाळी लालासाहेब दिवा लावायला आले तेव्हा ती उभी राहिली. "आबा, तुम्ही म्हणाल तिथं लग्न करते. पण भरतेशला काही करू नका. ती सुपारी माघारी घ्या. पाया पडते तुमच्या."

लालासाहेबांच्या हातात काडी जळत होती. आधी त्यांना काही उमगलं नाही. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली, माझ्यावरून लेकीकडे, आणि त्यांना सगळं उमगलं. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. आता हा माणूस हसेल, तिला जवळ घेईल आणि म्हणेल, अगं, तुझा बाप काय खुनी वाटला का तुला?

काडीचा चटका बसला तशी त्यांनी ती झटकली. "बगू," ते म्हणाले. "तू नीट वागलीस तर कशाला कोण काय करतंय?"

ती मान डोलावून आत गेली. मालनबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या नवऱ्याजवळ आल्या. "आवं, खरं काय ते सांगायचं हुतं की तिला. पोर घाबरून अर्धी झालीया."

"भिऊन का हुईना, ऐकलं न्हवं? मग ऱ्हाऊ दे तसंच."

"पर उद्या तिला कळलं तर?"

"सांगनार कोन, तू?"

मालनबाईंनी वात पुढे सारली. त्यांच्या लग्नातही कधीतरी अशीच एक सुपारी फुटली असेल, आणि त्यांनाही कुणी विचारलं नसेल. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

आज रविवार आहे. दारात मांडव नाही, पण सतरंज्या अंथरल्यात, माणसं दाटीने बसलीत. नवरा मुलगा खाली मान घालून पायाच्या बोटांकडे बघतोय, त्यालाही कुणी विचारल्यासारखं दिसत नाही. शिवांजलीला नव्या साडीत आणून बसवलंय. ती प्रत्येक नव्या माणसाच्या हाताकडे बघतेय, त्या तगड्या पार्टीतला हा असेल का, तो असेल का, या भीतीने.

नानासोंनी मला पाटावर ठेवून बत्ता हाणला. मी अंग चोरलं आणि निसटले, सतरंजीवरून घरंगळत थेट शिवांजलीच्या पायाशी गेले. माणसं हसली. आयुष्यात मला एवढंच करता आलं. तिने मला उचललं. जिच्या भीतीने तिचं जगणं थांबलंय ती मी तिच्या मुठीत होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता; तिच्या लेखी मी नुसती रीतीची सुपारी, ती दुसरी अजून बाहेर कुठेतरी. मला वाटलं, ही आता मला लांब उसात भिरकावून देईल. तिने आबांकडे पाहिलं. आबांनी मानेनेच पाटाकडे खूण केली.

आता नानासोंचा बत्ता पुन्हा वर गेलाय. लोकहो, तुमच्यात बोलणारं कुणी असेल तर तिला एवढंच सांगा, की भरतेशची सुपारी कुणी दिलेली नाही. या घरात सुपारी आली ती एकच, आणि ती आत्ताच तिने आपल्या हाताने पाटावर आणून ठेवलीय.