वेळेवर

एक्स-रेच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एकच प्रश्न विचारायची, "पाळी कधी आली होती? वेळेवर?" पोटात बाळ असेल तर त्याला किरणं लागू नयेत, म्हणून आधी विचारायचं, हा तिथला नियम. विचारून विचारून तो प्रश्न तिच्या तोंडी "श्वास रोखा"इतका सवयीचा झाला होता. पण विचारणारीला कोण विचारणार?

तिचीच पाळी दोन आठवडे लांबली होती. गेल्या महिन्यात तिने दोनदा ती गोळी घेतली होती, मूल राहू नये म्हणून नंतर घेतात ती. दोन्ही वेळा घाई नवऱ्याची आणि गोळी हिची. "घे ना, काय होतंय," असं तो म्हणाला होता, जणू खोकल्याचं औषधच. व्हायचं ते हिलाच झालं. डोकं ठणकायचं, मळमळायचं, छातीला धक्का लागला तरी कळ यायची. घरी केलेल्या तपासणीत एकच रेघ, म्हणजे 'नाही', उमटली, पण तिचा त्या रेघेवर विश्वास बसेना. लेक आत्ता कुठे शाळेत रुळली होती. दुसरं मूल तिला नको होतं. तरीही ती दिवसभर किरणं अडवणारा शिशाचा जड एप्रन अंगावरून उतरवत नव्हती. नको असलं म्हणून त्याला इजा व्हावी, एवढं काही तिचं काळीज दगडाचं नव्हतं.

"एप्रन घालून जेवतेस?" एक्स-रेच्या खोलीत तिच्यासोबत काम करणाऱ्या मोठ्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या. "भाजीतून किरणं येतायत की काय?"

ती हसली, पण हातातला घास तिने परत डब्यात ठेवला. बाईंनी ते पाहिलं, डबा झाकला आणि नेहमीच्याच सुरात विचारलं, "पाळी कधी आली होती? वेळेवर?"

"वेळेवर."

"इतक्या पटकन खरं कोणी बोलत नाही गं. जन्म गेला माझा हे विचारण्यात."

मग तिला रडूच फुटलं. बाईंनी हाताला धरून तिला वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. दिवस गेले नव्हते.

"एका महिन्यात दोनदा घेतलीस, त्याने हार्मोन्सचं गणित बिघडलेलं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गोळी अडीअडचणीची, दर खेपेची नाही. थोडी वाट बघू. नाहीच आली तर सोनोग्राफी करू. येताना नवऱ्यालाही आण."

तिने जिन्यातूनच नवऱ्याला फोन करून दिवस गेले नसल्याचं सांगितलं.

"सुटलो बुवा," तो म्हणाला. "उगाच घाबरवलंस."

"तू सुटलास. माझी पाळी अजून आलेली नाही. तुलाही बोलावलंय."

"मला कशाला?"

तिने फोन बंद केला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि समोर चिडायला कोणी नव्हतं.

खाली पेशंट थांबलेच होते. कंबर धरलेली एक तरुण बाई आत आली, मागोमाग तिची सासू.

"पाळी कधी आली होती? वेळेवर?"

"हो, वेळेवर," सासूकडे बघत ती चटकन म्हणाली.

कालपर्यंत हिने पुढे जाऊन बटण दाबलं असतं. आज तिने सासूला बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं, स्टूल ओढून त्या बाईशेजारी बसली आणि म्हणाली, "आता सांग."