पडद्याबाहेरची ओळ

टीव्ही भिंतीवरून मीच उतरवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी आप्पांना बोल लावणार नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, अजिनाथ. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस सोलापुरात आला आणि टॉवेलांवरची नक्षी काढायला शिकला. आधी चौकटीच्या कागदावर रंग भरून, मग कॉम्प्युटरवर. पडद्यावरचं एक घर म्हणजे कापडातला एक धागा. एक घर चुकलं की ती चूक मागावर हजार टॉवेलांत उतरते, हे मी पाढे शिकायच्या आधी ऐकलेलं.

पुढे साखरेनं त्यांची नजर खाल्ली. इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही, उरलेली सांभाळा. आप्पांनी कारखान्यात सांगितलं की गुडघे धरलेत, घरून काम करतो. मालक ईश्वरप्पांनी ते मानलं. डोळ्यांचं कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि आप्पांना दुसरं काहीच येत नव्हतं. पण घरच्या छोट्या मॉनिटरला नाक लावूनही घरं दिसेनात. एकदा त्यांनी विचारलं, "सृष्टी, ह्यो मोर हाय का वेल?" मला रडू आलं आणि रागही आला, माझा स्वभावच तसा. मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, सगळ्या गल्लीचे मोबाइल दुरुस्त करून देणारी, आणि माझ्याच घरात हे?

म्हणून बाहेरच्या खोलीतला त्रेचाळीस इंची टीव्ही काढून टेबलावर ठेवला आणि कॉम्प्युटरची केबल त्याला जोडली. बोटाएवढा मोर हातभर झाला. आप्पांनी खुर्ची मागेपुढे सरकवली, माउस धरला आणि मोराच्या पिसाऱ्यातलं चुकलेलं एक घर बरोबर भरलं.

"दिसतंय की!" ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तीनदा चहा मागितला.

आईच्या मालिका बुडाल्या, पण तिनं तक्रार केली नाही. पदराला हात पुसत ती दारातून बघत होती. म्हणाली, "खालचं घड्याळ कापल्यावाणी दिसतंय गं."

खरंच, कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे अर्धेच दिसत होते. टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवतो, त्यामुळे चारी कडा जराजरा पडद्याबाहेर जातात. सेटिंग बदललं की सगळं मावतं. मला हे ठाऊक होतं. पण रिमोट सापडत नव्हता, आणि मी माझ्याच हुशारीवर लई खूश होते.

"चालतंय," मी म्हणाले. "वेळ बघायला मोबाइल हाय की."

चार महिने बरे गेले. कारखान्यात कुणाला काही कळलं नाही. मग मालकांच्या आईचं, मल्लव्वांचं, पहिलं पुण्यस्मरण आलं. मागवाल्यांच्या घरी अशा दिवशी पाहुण्यांना स्वतःच्या मागावर विणलेला, नावाचा टॉवेल देतात. आप्पा या गावात नवे आणि एकटे होते तेव्हा मल्लव्वांनी त्यांना दोन वर्षं स्वतःच्या हातची भाकरी वाढली होती. त्यामुळे हे काम आप्पांनी जीव ओतून केलं.

नवं डिझाइन कोणी कोऱ्या पानावर करत नाही. जुनी फाइल उघडायची, त्यात धाग्यांची मांडणी तयार असते, वरची नक्षी पुसायची आणि नवी भरायची. आप्पांनी टीव्ही टेबलावर यायच्या आधीची, एका लग्नातल्या टॉवेलाची फाइल उघडली, नेहमीसारखी पडदाभर, घड्याळाची पट्टीही झाकून. दिसलं तेवढं सगळं पुसलं. कडेनं बेलाची पानं काढली आणि मधे अक्षरं भरली: लिं. मल्लव्वा यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ. लिं. म्हणजे लिंगैक्य, लिंगायतांतलं कैलासवासी.

पहिला टॉवेल विणला की तो आमच्याकडे यायचा, आणि त्यावर आप्पांची सही झाल्याशिवाय माग पुढे चालत नसे. तो पहिला टॉवेल नेहमी मी किंवा आई नीट बघून सांगायचो. त्या दुपारी मी प्रॅक्टिकलला होते आणि आई दळणाला गेली होती. कारखान्यातला माणूस दारात खोळंबला. कापड काही टीव्हीला जोडता येत नाही. आप्पांनी टॉवेलावरून बोटं फिरवली, वीण हाताला बरोबर लागली, आणि त्यांनी खिशातल्या पेननं काठावर सही केली.

पुण्यस्मरणाच्या आदल्या सकाळी मालक स्वतः घरी आले. हातात तोच टॉवेल होता.

"अजिनाथ, वाच की जरा."

आप्पांनी टॉवेल उजेडाकडे धरला. "लिंगैक्य मल्लव्वा यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ."

"आन् खाली?"

"खाली काय न्हाय, मालक. कोरा काठ सोडलाय."

मी पुढे होऊन पाहिलं. काठालगतच्या बोटभर पट्टीत, लाल धाग्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत विणलं होतं: शुभविवाह शुभविवाह शुभविवाह. पडद्याबाहेर राहिलेली लग्नाची ओळ. आप्पांची सही त्यातल्याच एका शब्दावर होती.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आप्पांच्या तोंडासमोर हात हलवून बघायला उचलला, आणि अर्ध्यातूनच खाली घेतला.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापास्नं," आप्पा म्हणाले.

"तीनशे निघाले असले. उद्या काय वाटू मी? मला सांगायचं न्हाय व्हय? माजी आई हुती रे ती."

"माजी बी हुती, मालक."

टॉवेल आप्पांच्याच हातात ठेवून मालक निघाले. उंबऱ्याशी थांबून मला म्हणाले, "पोरी, उद्यापास्नं फाइली दुसरीकडं देतो. आप्पाला जप." इतक्या मायेनं बोलले की मला भांडताही येईना.

मग मी रिमोट शोधायला घेतला. तो कपाटामागे पडला होता. तीन बटणं दाबली आणि चित्र जरासं आत आलं. घड्याळ पूर्ण दिसू लागलं. मग फाइल आप्पा उघडायचे तशी पडदाभर उघडली. तिच्या तळाशी ती लाल ओळ ठसठशीत उभी राहिली. तीन बटणांचा आळस केला होता मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काय केलंस?" आप्पांनी विचारलं.

"कडा आत आणल्या."

"आता दिसतंय व्हय ते?"

"व्हय."

ते उठून टीव्हीजवळ आले आणि काचेवर बोटं फिरवू लागले, कापडावर फिरवतात तशी. काच गुळगुळीत होती. "कुटं हाय?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"आप्पा, चूक माजी हाय," मी म्हणाले. "मला ठावं हुतं. पहिल्या दिवसापास्नं ठावं हुतं."

"आसंल," ते म्हणाले. "पर सही माजी हाय की."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण घट्ट बसलंय का ते अंगठ्यानं चाचपलं, आणि माझ्या हातात दिलं.